ग्रामीण काउंटीनं स्वतःचं जेल बांधावं का? या वादामागचा जुना हिशोब

अमेरिकेतल्या ग्रामीण काउंट्यांमध्ये दर काही वर्षांनी हा विषय निघतोच. जुनं जेल गळतंय, राज्याचे इन्स्पेक्टर नोटीस देऊन गेलेत, कैदी शेजारच्या काउंटीत ठेवायचे म्हटलं तर रोजचं भाडं भरा आणि वर डेप्युटी (काउंटीचे पोलीस) दिवसभर कैदी ने-आण करण्यातच अडकणार, मग आपलंच नवं का नको? ऐकायला एकदम सरळ वाटतं. पण यामागचा इतिहास नीट बघितला की कळतं, खरा प्रश्न बिल्डिंगचा नाहीचे, त्यात कोणाला ठेवायचं आणि त्याचे पैसे कोण भरणार हा आहे.

थोडं समजून घ्या आधी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं युनिट, पण कितीतरी ग्रामीण काउंट्यांची लोकसंख्या १०-१५ हजारच, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, बहुतेक ठिकाणी निवडून येतो, टॅक्स काउंटी स्वतः लावते, आणि जेलही तिचंच. या जेलमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे लोक असतात, खटल्याची वाट बघणारे कच्चे कैदी आणि साधारण वर्षभराच्या आतली शिक्षा झालेले. मोठी शिक्षा झाली की राज्याच्या तुरुंगात रवानगी. आपल्याकडे तुरुंग हा राज्य सरकारचा विषय, त्यामुळे जिल्हा परिषदेनं जेलसाठी कर्ज काढलंय असं कधी होत नाही, तिकडे मात्र हे नेहमीचंच.

ही पद्धत आली इंग्लंडातून. ११६६ साली राजा दुसऱ्या हेन्रीनं फर्मान काढलं की ज्या काउंटीत कैदखाना नाही तिथे शेरीफनं तो बांधावा. वसाहतवाल्यांनी हीच रचना सोबत अमेरिकेत नेली. मग कोर्टाशेजारी दगडविटांचं छोटं जेल, बऱ्याच ठिकाणी त्याच इमारतीत शेरीफचं घर, आणि कैद्यांचा स्वयंपाक शेरीफची बायको करायची. केंटकीत तर १८९१ च्या राज्यघटनेतच प्रत्येक काउंटीत जेलर निवडून द्यायची तरतूद आहे, त्यामुळे आजही तिथे अशा काउंट्या आहेत जिथे जेल कधीच बंद झालंय पण जेलर मात्र दर निवडणुकीत निवडून येतो.

हे सगळं स्वस्तात चालायचं कारण कैद्याला काही द्यायचंच नसायचं. १९७० च्या दशकात ते बदललं. कैदी कोर्टात गेले, १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनेविरुद्ध आहे. टेक्सासनं १९७५ मध्ये जेलचे नियम ठरवायला आयोग नेमला, इतर राज्यांतही नियम आले. मला वाटतं हे फार आधीच व्हायला हवं होतं, पण बिल आलं ते काउंटीवर. त्यात १९६५ पासूनचा मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा) नियम असा की माणूस जेलमध्ये गेला की त्याच्या उपचारांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पैसा जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे एका कैद्याचं मोठं ऑपरेशन निघालं की छोट्या काउंटीचं वर्षाचं बजेट कोलमडू शकतं.

मग काउंट्यांनी वेगवेगळे रस्ते धरले. वेस्ट व्हर्जिनियानं काउंटी जेल बंदच करायचं ठरवलं. १९८५ मध्ये त्यासाठी राज्याची संस्था तयार झाली, हळूहळू ५५ काउंट्यांची जेलं गेली आणि त्यांच्या जागी १० रीजनल जेल आली, म्हणजे अनेक काउंट्यांना मिळून एक. नवीन बिल्डिंग, ट्रेनिंग घेतलेला स्टाफ, सगळं बरं होतं. पण अटक झालेल्या माणसाचं रोजचं बिल काउंटीनं भरायचं, कितीतरी वर्षं दर होता डोक्यामागे रोज ४८.२५ डॉलर. तिकडे कोळशाचं उत्पन्न आटत गेलं, मॅकडॉवेल काउंटीचंच बघा, १९५० च्या आसपास जवळपास १ लाख लोक होते, २०२० मध्ये २० हजारांच्याही खाली, आणि याच पट्ट्यात ओपिऑइडच्या (अफूसारख्या वेदनाशामक औषधांच्या) व्यसनाची लाट आली. माणसं कमी, टॅक्स कमी आणि जेलचं बिल वाढतंय. काही काउंट्यांची थकबाकी १० लाख डॉलरच्या पुढे गेली. २०२२ मध्ये तर स्टाफच मिळेना म्हणून गव्हर्नरनी आणीबाणी जाहीर करून जेलमध्ये नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव सैन्याचे) जवान पाठवले.

दुसरा रस्ता याच्या बरोब्बर उलटा, गरजेपेक्षा मोठं बांधा आणि उरलेले बेड भाड्यानं द्या. लुइझियानात १९९० च्या दशकात राज्याच्या तुरुंगांत जागा नव्हती, तेव्हा ग्रामीण शेरीफांनी बेड बांधले आणि राज्य डोक्यामागे रोजचे पैसे देऊ लागलं. पुढे राज्याचे जवळपास निम्मे कैदी या स्थानिक जेलांतच होते. केंटकीतही राज्याचे कैदी काउंटी जेलमध्ये ठेवतात. फेडरल मार्शल (केंद्राचे कैदी सांभाळणारं पोलीस खातं) आणि इमिग्रेशनवालेही बेड भाड्यानं घेतात. एकदा हा पैसा बजेटमध्ये धरला की शेरीफला जेल भरलेलं हवं असतं, रिकामं परवडतच नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

हे किती अंगाशी येऊ शकतं ते मोंटानातल्या हार्डिनला विचारा. बिग हॉर्न काउंटीतलं साडेतीन हजार वस्तीचं गाव, क्रो आदिवासींच्या रिझर्व्हेशनला (त्यांच्यासाठीच्या राखीव प्रदेशाला) लागून. गावाला रोजगार मिळावा म्हणून स्थानिक विकास संस्थेनं २.७ कोटी डॉलरचे बाँड (कर्जरोखे) काढून ४६४ बेडचं जेल २००७ मध्ये उभं केलं. कैद्यांचं काँट्रॅक्ट हातात नव्हतंच. राज्याला गरज नव्हती, बाहेरच्या राज्यांचे कैदी आणण्यात कायद्याची अडचण आली, २००८ मध्ये बाँडचे हप्ते थकले. २००९ मध्ये सिटी काउन्सिलनं ठराव केला की ग्वांतानामोचे, म्हणजे दहशतवादाच्या संशयावरून क्युबातल्या अमेरिकी तळावर डांबलेले, कैदी आमच्याकडे द्या! मग त्याच वर्षी ‘अमेरिकन पोलीस फोर्स’ नावाची कंपनी आली, हार्डिन पोलीस लिहिलेल्या गाड्या घेऊन, मोठमोठी आश्वासनं देत, आणि थोड्याच दिवसांत उघड झालं की पुढे असलेला माणूस फसवणुकीत आधी शिक्षा झालेला आहे. कोणी गावकऱ्यांना हसेल, मला नाही हसू येत, रोजगाराच्या आशेवर बसलेल्या लोकांच्या हाती काय पडलं तर हे.

टेक्सासच्या विलसी (Willacy) काउंटीत कैदी होते, पण तेही टिकले नाहीत. २००६ मध्ये रेमंडविलला तंबूंचं डिटेन्शन सेंटर उभं राहिलं, आधी इमिग्रेशनचे कैदी, नंतर फेडरल तुरुंगाचे. २०१५ मध्ये कैद्यांनी दंगा केला, कैदी दुसरीकडे हलवले, काँट्रॅक्ट गेलं, शेकडो नोकऱ्या गेल्या, आणि गरीब काउंटीच्या बजेटला मोठं भगदाड पडलं. असे प्रोजेक्ट बरेचदा वेगळ्या कॉर्पोरेशनच्या नावावर रेव्हेन्यू बाँड (टॅक्समधून नाही, जेलच्या कमाईतून फेडायचे रोखे) काढून होतात, म्हणजे लोकांचं मतदान घ्यावंच लागत नाही.

आणि जेल भरतं कशानं? देशभरातल्या काउंटी जेलांमधले साधारण दोन तृतीयांश लोक दोषी ठरलेलेच नसतात. बरेच जण जामिनाचे पैसे नाहीत म्हणून बसलेले, आणि गेल्या काही दशकांत हे प्रमाण मोठ्या शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त वेगानं वाढलं. छोट्या गावात जज रोज बसत नाही, गरीब आरोपींना सरकारकडून मिळणारी वकिलाची मदत तुटपुंजी, व्यसनमुक्तीचं किंवा मानसिक उपचारांचं सेंटर तासाभराच्या अंतरावर, मग पोलीस आणणार कुठे तर जेलमध्येच.

म्हणून स्वतःचं जेल नकोच असं मी म्हणणार नाही. माणूस दोन काउंट्या पलीकडे ठेवला की त्याच्या घरच्यांना भेटता येत नाही, वकीलही टाळतो, हे खरं आहे, आणि आपल्याच लोकांपुरतं छोटं, नीट चालवलेलं जेल मला पटतं. पण किती बेड लागणार हा आकडा बऱ्याच ठिकाणी तीच आर्किटेक्ट कंपनी काढते जिला पुढे डिझाइनचं काम मिळणार असतं. काउंटीनं आधी आज आत कोण कोण आहे, कशासाठी, किती दिवसांपासून आणि किती डॉलरच्या जामिनावर अडकलंय याची यादी लोकांसमोर ठेवावी, बाहेरच्या कैद्यांचं भाडं हिशोबात शून्य धरावं, आणि मग बाँड मतदानाला टाकावेत.