क्लिंच माउंटन बॉइज: डोंगराळ व्हर्जिनियातील एका ब्लूग्रास बँडची पार्श्वभूमी

ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकाराचे नाव केंटकीच्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडवरून पडले, आणि त्याचा इतिहासही बहुधा मन्रोंपासूनच सांगितला जातो. कार्टर आणि राल्फ स्टॅन्ली या भावांनी १९४६ मध्ये उभा केलेला ‘क्लिंच माउंटन बॉइज’ हा बँड या इतिहासात काहीसा अडचणीचा ठरतो. आरंभी तो मन्रोंचे उघड अनुकरण करत होता. पुढे मात्र तोच या प्रकारातील सर्वांत जुन्या वळणाचा बँड म्हणून ओळखला जाऊ लागला. या उलट्या वाटचालीचे कारण बँडच्या गावाकडच्या संगीतात शोधावे लागते.

स्टॅन्ली बंधू नैऋत्य व्हर्जिनियातील डिकन्सन काउंटीचे. कार्टर यांचा जन्म १९२५ चा, राल्फ यांचा १९२७ चा. वडील ली स्टॅन्ली लाकूडतोडीच्या आणि लाकूड कापण्याच्या गिरणीच्या व्यवसायात होते. आसपासच्या बहुतेकांचे पोट जंगलावर आणि कोळशाच्या खाणींवर चाले. अपलाचियन पर्वतराजीच्या या भागात अठराव्या शतकापासून उत्तर आयर्लंडमधून आलेली स्कॉटिश वंशाची कुटुंबे, इंग्रज आणि जर्मन वसाहतकरी स्थिरावले होते. त्यांच्यासोबत फिडल, म्हणजे लोकशैलीत वाजवले जाणारे व्हायोलिन, आणि लांबलचक कथागीते आली. इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात या डोंगरांत हिंडले, आणि मायदेशी विस्मृतीत जात असलेली कित्येक कथागीते त्यांना येथे लोकांच्या तोंडी सापडली. त्यांच्या संग्रहामुळे या प्रदेशाची ‘जगापासून तुटलेला, जुने इंग्लंड जपणारा’ अशी प्रतिमा रूढ झाली. ती अपुरी आहे, कारण शार्प यांचे लक्ष मुख्यतः इंग्लंडशी नाते सांगणाऱ्या गीतांवर होते. खाणी, रेल्वे आणि कृष्णवर्णीय मजूर यांच्याबरोबर डोंगरात आलेले संगीत त्यांच्या चौकटीत बसत नव्हते.

त्या चौकटीबाहेर राहिलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बँजो. हे वाद्य मूळचे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोऱ्या कलावंतांनी ते रंगमंचावर नेले, आणि शतक संपेपर्यंत ते डोंगराळ भागातील गोऱ्या कुटुंबांतही मुरले होते. स्टॅन्ली बंधूंची आई ल्युसी जुन्या ‘क्लॉहॅमर’ पद्धतीने बँजो वाजवत असे. या पद्धतीत नखाने तारेवर वरून खाली आघात करतात आणि अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडत राहतात. लहानपणी आईने आपल्याला पाच डॉलर किमतीची एकच वस्तू देऊ केली, डुकरीण किंवा बँजो, आणि आपण बँजो निवडला, ही आठवण राल्फ नेहमी सांगत. पहिली धूनही त्यांना आईनेच शिकवली.

बँजोइतकाच, किंबहुना त्याहून खोल ठसा उमटला तो चर्चचा. या भागातील प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाच्या प्रार्थनेत वाद्यांना मज्जाव होता. गीतपुस्तके मोजकी आणि वाचता येणारे त्याहून कमी, म्हणून एक जण ओळ घाईने उच्चारून देई आणि मग सगळा समुदाय ती संथपणे, सूर वळवत-लांबवत गाई. आपल्याकडे भजनात बुवांनी दिलेली ओळ टाळकरी उचलतात तशीच ही रीत, फक्त तिला टाळ नाही, मृदंग नाही आणि ठेकाही नाही. वडील ली स्टॅन्ली वाद्य वाजवत नसत, पण घरी जुनी गाणी अशाच उघड्या गळ्याने म्हणत. केंटकीचे अंध फिडलवादक डिक बर्नेट यांनी १९१३ च्या सुमारास छापलेले ‘मॅन ऑफ कॉन्स्टंट सॉरो’ हे गीत मुलांच्या कानी वडिलांकडूनच पडले होते.

तिसरा संस्कार यंत्राचा होता. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीर यांनी ब्रिस्टल या शहरात ध्वनिमुद्रणाची साधने मांडली. या शहराच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध व्हर्जिनिया आणि टेनेसी या राज्यांची सीमा जाते. क्लिंच पर्वताच्या पायथ्याशी राहणारे कार्टर आडनावाचे गायक कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे येथेच, काही दिवसांच्या अंतराने झाली. कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर डोंगरात फिरून गाणी गोळा करत, आणि त्या भटकंतीत लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असत. ए. पी. शब्द टिपत आणि रिडल चाल लक्षात ठेवत. त्याच वर्षी जवळच्या नॉर्टनचे खाणकामगार डॉक बॉग्ज यांचे बँजोवरचे करडे, ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गायनप्रकाराकडे झुकलेले गायनही तबकड्यांवर आले. म्हणजे स्टॅन्ली बंधू कळते होईपर्यंत त्यांच्या भागातील गाणी तबकड्या आणि रेडिओवरून फिरून पुन्हा त्यांच्याच घरी ऐकू येत होती. त्याच रेडिओवर नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात ते मन्रोंना ऐकत.

लष्करी सेवेतून परतल्यावर दोघा भावांनी बँड काढला आणि त्याला क्लिंच पर्वताचे नाव दिले. १९४६ च्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये नव्याने सुरू झालेल्या डब्ल्यूसीवायबी या केंद्रावरील ‘फार्म अँड फन टाइम’ या दुपारच्या कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली. केंद्राचा आवाज शेजारच्या अनेक राज्यांत पोहोचत असल्याने शाळांच्या सभागृहांतून कार्यक्रमांची मागणी लगेच सुरू झाली. तेव्हाच्या त्यांच्या वादनावर मन्रोंची छाप स्पष्ट होती. मँडोलिनवादक पी वी लॅम्बर्ट तर मन्रोंच्या शैलीत गाण्यात तरबेजच होते. १८७८ मध्ये लुइव्हिल येथे झालेल्या घोड्यांच्या शर्यतीवरचे एक जुने गाणे मन्रोंनी १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केले. त्यांची तबकडी बाजारात येण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, स्टॅन्ली बंधूंनी ते रिच-आर-टोन या छोट्या कंपनीसाठी मुद्रित केले. पुढे कोलंबिया कंपनीने या बंधूंशी करार केला तेव्हा मन्रो संतापले आणि ती कंपनी सोडून डेका कंपनीकडे गेले. हा राग फार टिकला नसावा, कारण १९५१ मध्ये कार्टर काही काळ मन्रोंच्याच बँडमध्ये गात होते.

मन्रोंचा राग समजण्यासारखा असला, तरी कोलंबियासाठी १९४९ ते १९५२ या काळात केलेली ध्वनिमुद्रणे निव्वळ नक्कल मुळीच नाहीत. कार्टर मुख्य चाल गात, राल्फ त्यावर तारस्वरात दुसरा सूर धरत आणि लॅम्बर्ट राल्फच्याही वर तिसरा सूर चढवत. तीन आवाजांची ही रचना मन्रोंकडे नव्हती, आणि तिच्यातला ताणलेला, काहीसा बोचरा सूर चर्चमधून आलेला ओळखू येतो. बँजोतही असेच झाले. मन्रोंच्या बँडमधील अर्ल स्क्रग्ज यांची तीन बोटांत नख्या घालून वाजवण्याची पद्धत राल्फ यांनी आत्मसात केली, पण स्क्रग्ज यांची गोलाई घेतली नाही. त्यांचे स्वर तुटक, कोरडे आणि टोकदार राहिले.

१९५० च्या दशकाच्या मध्यास रॉक अँड रोलची लाट आली आणि अशा बँडांचे उत्पन्न आटले. स्टॅन्ली बंधू दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात मुक्कामाला गेले. तेथे स्थानिक रेडिओ-कार्यक्रमांवर त्यांनी निभावून नेले. १ डिसेंबर १९६६ रोजी कार्टर यांचे वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी निधन झाले. गीते रचणारा आणि श्रोत्यांशी बोलणारा भाऊ तोच होता, राल्फ अबोल.

बँड पुढे नेताना राल्फ यांनी घेतलेला निर्णय माझ्या मते या इतिहासातील सर्वांत निर्णायक ठरतो. अनेक बँड विजेवर चालणारी वाद्ये आणि लोकप्रिय गाणी यांच्याकडे वळत असताना राल्फ मागे, आपल्या चर्चकडे वळले. १९७० च्या दशकात त्यांनी वाद्ये बाजूला ठेवून म्हटलेली धार्मिक गीते ब्लूग्रासच्या मंचावर रुजवली. क्लॉहॅमर पद्धतीची एखादी धून ते आईच्या नावाने आवर्जून वाजवत. याच सुमारास रिकी स्कॅग्ज आणि कीथ व्हिटली हे केंटकीचे दोन किशोर बँडमध्ये दाखल झाले. दोघेही पुढे कंट्री संगीतातील मोठे गायक झाले.

२००० साली आलेल्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ या चित्रपटाने हे संगीत लाखो नव्या श्रोत्यांपर्यंत नेले. त्यात ‘मॅन ऑफ कॉन्स्टंट सॉरो’ स्टॅन्लींच्या वळणावर बेतलेले होते. ‘ओ डेथ’ हे मृत्यूची विनवणी करणारे गीत मात्र राल्फ यांनी स्वतः म्हटले. संगीत-निर्माते टी-बोन बर्नेट यांना ते डॉक बॉग्ज यांच्या धर्तीवर बँजोसह हवे होते. राल्फ यांनी त्यांना प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट रीतीने, साथीविना म्हणून दाखवले आणि तेच स्वीकारले गेले. त्या गायनाला २००२ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. राल्फ यांचे २३ जून २०१६ रोजी निधन झाले, आणि बँडची सूत्रे त्यांचा मुलगा राल्फ स्टॅन्ली दुसरा याच्याकडे आली.