कबुतराचं पटतं, माणसाचं नाही

सोलापुरात विजापूर वेशीजवळ माझा एक विद्यार्थी राहतो, नीटची तयारी चाललीय आणि घराच्या गच्चीवर चाळीसेक कबुतरं आहेत. शेपटीचा पंखा करून छाती काढून चालणारा लक्का सगळ्यांचा लाडका. परवा संध्याकाळी ज्वारीचे दाणे टाकता टाकता तो सांगत होता की कुठल्या नराशी कुठल्या मादीची जोडी लावायची, पिल्लात काय उतरतं आणि काय उतरत नाही. मी म्हटलं, अरे तू आत्ता जे बोलतोयस ना, डार्विनने उत्क्रांतीवरच्या १८५९ च्या पुस्तकाची सुरुवात ह्याच्यापासूनच केलीय.

खरंच केलीय. डार्विनने स्वतः कबुतरं पाळली होती, आणि त्याचं म्हणणं असं की ह्या सगळ्या तऱ्हा एकाच रानपारव्यापासून माणसाने निवडत निवडत तयार केल्या. त्यात अकबराचाही उल्लेख आहे बरं का! दरबाराबरोबर २०,००० कबुतरं फिरायची, इराण-तुराणच्या राजांनी दुर्मिळ पक्षी पाठवले, जाती एकमेकांत मिसळून बादशहाने पैदास सुधारली वगैरे. पोरगं खूश.

मग अशाच निवडीला निसर्गाला लाखो वर्षं मिळाली तर? हेही पटलं. अँटिबायोटिकने बाकीचे बॅक्टेरिया मरतात, औषधाला दाद न देणारे मागे उरतात आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते, हे तर त्याने मलाच समजावलं. मी विचारलं, मग माणूस?

"सर, माणसाचं सोडून बोला. पहिला माणूस, आदम अलैहिस्सलामना, अल्लाहने बनवलं, ह्यात मला शंका नाही."

शिकलेल्या मुस्लीम पोरांशी बोलताना ही रेघ मला नेहमी दिसते, झाडं-प्राणी-जंतू अलीकडे आणि माणूस पलीकडे. म्हणून "उत्क्रांती मानता का" असं हो-नाहीमध्ये विचारलं की हाती फारसं काही लागत नाही. प्यू रिसर्च ह्या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेने २०१३ मध्ये मुस्लीम देशांचे आकडे दिले होते (भारत त्यात नव्हता), माणूस आणि इतर जीव काळाच्या ओघात बदलत आलेत असं मानणारे कझाकस्तानात ७९ टक्के, बांगलादेशात ५४, पाकिस्तानात ३०. धर्म एकच, मग एवढा फरक कसा? म्हणजे शाळा, राजकारण, घरातलं वातावरण ह्यांचाही हात असणारच. आणि नुसतं मुसलमानांकडे बोट दाखवायचं कारण नाही, २०१८ मध्ये आपल्याच औरंगाबादेत केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. अहो, आजच्या माकडापासून माणूस झाला असं डार्विनही म्हणत नाही! आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता, साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी, तिथून दोन वाटा फुटल्या.

दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की डार्विनने सगळं इराकमधल्या बसराच्या अल-जाहिझकडून उचललं. नवव्या शतकातल्या ह्या लेखकाने प्राण्यांची जगण्याची झटापट फार बारकाईने टिपलीय, पण म्हणून तो नैसर्गिक निवडीचा सिद्धांत होत नाही, ओढूनताणून अभिमान कशाला.

जॉर्डनच्या जीवशास्त्रज्ञ राणा दजानी मला जास्त कामाच्या वाटतात. हिजाब घालतात, श्रद्धा पक्की, आणि युनिव्हर्सिटीत उत्क्रांती शिकवतात, माणसासकट. कुराण हे विज्ञानाचं पुस्तक म्हणून वाचू नका, असं त्यांचं म्हणणं.

हे मी सांगत होतो तेवढ्यात त्याची बहीण कपडे काढायला वर आली, बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऐकून म्हणाली, "मातीपासून बनवलं एवढं लिहिलंय, पण बनवायला किती वेळ लागला ते कुठं लिहिलंय?"

भाऊ म्हणाला, "हे अम्मीसमोर बोल की."

"बोलले ना. अम्मी म्हणाली, आधी भावाला सांग, गच्चीवरची कबुतरांची घाण काढ म्हणावं."