अमेरिकेतील लिव्हर रायफल आणि घरी ओतलेली शिशाची गोळी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ठासणीची बंदूक विकत घेणाऱ्याला तिच्याबरोबर बहुधा एक लहानसा साचाही मिळत असे. प्रत्येक कारागिराच्या नळीचा व्यास थोडा वेगळा असल्याने तिला बसणारी गोळी त्याच साच्यात ओतावी लागे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे लोखंडी पळी आणि लाकडांचा विस्तव एवढी सामग्री त्याला पुरते. दारू आणि शिशाची कांब दुकानातून आणली, की वस्तीपासून चार-पाचशे किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाचे कित्येक महिने भागत, आणि जनावराच्या अंगात रुतलेली गोळी काढून पुन्हा वितळवण्याची काटकसरही त्यात होती. शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक ठेवणाऱ्या कोकणातील घरांना यातील बराचसा व्यवहार परका वाटणार नाही. ही स्वयंपूर्णता प्रथम मोडली ती लिव्हर रायफलने, म्हणजे तरफ (लिव्हर) हलवून एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलने. पुढे तिनेच ती परत आणली, आणि शिशाची ओतीव गोळी आज ज्या थोड्या रायफलींमध्ये सहज खपून जाते त्यांतही तीच अग्रभागी आहे.

आरंभ मात्र विचित्र आहे. वॉल्टर हंट या न्यूयॉर्कमधील संशोधकाने १८४८ मध्ये ‘रॉकेट बॉल’ नावाच्या गोळीचे पेटंट घेतले. सेफ्टी पिन शोधणारा तो हाच हंट. त्याच्या गोळीला पुंगळी, म्हणजे दारू भरण्याचे धातूचे कवच, नव्हतीच. शिशाच्या गोळीचा मागचा भाग पोकळ ठेवून दारू त्या पोकळीतच भरलेली असे. ही गोळी एकामागून एक झाडण्यासाठी त्याने नळीखाली दुसरी नळी बसवून तिच्यात गोळ्या रांगेने ठेवण्याची आणि तरफेने त्या वर आणण्याची योजना केली. यंत्र नाजूक होते आणि पोकळीत मावणारी दारू फार थोडी होती. लुईस जेनिंग्ज, आणि त्याच्यानंतर होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांनी त्यात सुधारणा केल्या, १८५५ मध्ये ‘व्होल्कॅनिक’ नावाची कंपनी निघाली, आणि तिच्या भागधारकांत ऑलिव्हर विंचेस्टर हा सदऱ्यांचा कारखानदार होता. बंदुकीचा त्याला गंध नव्हता, पण तोट्यातील धंद्यातही काय टिकण्याजोगे आहे ते त्याला दिसले, असे म्हणावे लागते.

त्याच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये पेटंट घेतलेली रायफल ही पहिली खरोखर यशस्वी लिव्हर रायफल. तिच्या नळीखालच्या नळीत सोळा काडतुसे मावत, आणि ही काडतुसे तांब्याच्या पुंगळीची होती. यातच अडचण होती. हेन्रीच्या काडतुसात ठिणगी देणारा स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असे आणि चाप ओढल्यावर ती कड चेपली जाऊन दारू पेटत असे. एकदा चेपलेली कड पुन्हा उपयोगाची राहत नाही. शिकाऱ्याजवळ शिसे असो, साचा असो, दारू असो, कारखान्यातून आलेली काडतुसांची पेटी संपली की सोळा बारांची ती रायफल नुसती काठी होऊन बसे. १८६६ ची पितळी चौकटीची विंचेस्टर, जिच्या बाजूला काडतुसे भरण्याची सोईस्कर खिडकी होती, तीही याच काडतुसावर चालत असल्याने या बाबतीत काही बदलले नाही.

बदल घडवला तो टोपीने. ठासणीच्या बंदुकीची टोपी, म्हणजे ठोका बसताच ठिणगी देणारी मसाल्याची लहान वाटी, आपल्याकडेही माहीत आहे; तीच लहान करून पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी बसवली, तर बार झाल्यावर ती काढून नवी बसवता येते आणि पितळेची पुंगळी तशीच राहते. १८६६ च्या सुमारास या कल्पनेची दोन रूपे पुढे आली. अमेरिकेतील हायरम बर्डन याच्या पद्धतीत टोपीखालची ऐरण, म्हणजे मसाला ज्यावर चेपला जातो ते टोक, पुंगळीतच घडवलेली असते आणि ठिणगी आत जाण्याची भोके बहुधा दोन असतात. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर याच्या पद्धतीत ऐरण टोपीतच असते आणि भोक मधोमध एकच असते, त्यामुळे आतून एक साधी सुई घालून जुनी टोपी बाहेर ढकलता येते. पुढे गंमत अशी झाली, की अमेरिकन माणसाची पद्धत युरोपात रुळली आणि इंग्रजाची अमेरिकेत. अमेरिकेत घरी काडतूस भरण्याची परंपरा एवढी खोल रुजली, याचे निम्मे श्रेय मी तरी या एका भोकाला देईन.

१८७३ ची विंचेस्टर रायफल ही नवी टोपी घेऊनच आली. तिचे काडतूस .४४-४० या नावाने ओळखले गेले. पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचाच्या शतांशांत, आणि दुसरा काळ्या दारूचा, ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. गोळी २०० ग्रेनची होती आणि तिचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास होता. काडतुसाच्या नावातच दारूचे माप सांगितलेले असे, हे त्या काळाच्या व्यवहाराचे द्योतक आहे. काळी दारू पुंगळीत गोळीच्या बुडापर्यंत भरायची असल्याने तिचे प्रमाण पुंगळीच्या आकारमानानेच ठरत असे, आणि नवख्याच्या हातूनही ते धोक्याच्या पलीकडे जाणे अवघड होते. १८७८ पासून कोल्टचे रिव्हॉल्व्हरही याच काडतुसात मिळू लागले, म्हणजे एका साच्यात आणि एका अवजारात दोन्ही हत्यारांची सोय झाली.

विंचेस्टर कंपनी स्वतः ही अवजारे विकत होती, पण या कामाला घरोघरी नेले ते जॉन बार्लो याने. त्याने १८८४ मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी सुरू केली. तिचे अवजार म्हणजे अडकित्त्यासारखा लोखंडी चिमटा होता: एका खाचेत जुनी टोपी निघे, दुसरीत नवी बसे, तिसरीत पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळले जाई, आणि काही प्रकारांत चिमट्याच्या टोकालाच गोळीचा साचा जोडलेला असे. खोगिराच्या पिशवीत मावणारा हा कारखाना होता. बार्लोने त्याच्याबरोबर काढलेल्या माहितीपुस्तिकांमुळे कोणत्या रायफलीला कोणता साचा, शिशात कथील किती, अशी आधी तोंडी फिरणारी माहिती छापील झाली. ‘आयडियल’ १९१० मध्ये मार्लिन या रायफली बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमन कंपनीने ती घेतली. त्या मालिकेतील काही साच्यांचे क्रमांक आजही तेच आहेत.

लिव्हर रायफलीच्या रचनेने गोळीचा आकारही ठरवून टाकला. नळीखालच्या नळीत काडतुसे एकापुढे एक आडवी असतात, आणि प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते. नाक टोकदार असेल तर धक्क्याने टोपी फुटण्याचा धोका संभवतो, म्हणून या रायफलींसाठी गोळीचे नाक सपाट ठेवतात. शिवाय नळीतील स्प्रिंग आणि प्रत्येक बाराचा झटका यांच्या दाबाने गोळी पुंगळीत मागे सरकू नये, म्हणून तिच्या अंगावर एक खाच ठेवून पुंगळीची कड तीत आवळतात. सपाट नाक आणि खाच या दोन्ही गोष्टी दोन पाकळ्यांच्या साध्या साच्यात सहज ओतता येतात.

गोळीच्या अंगावरच्या बाकीच्या खाचा असतात त्या चरबीसाठी. कोरडे शिसे नळीच्या पिळांतून, म्हणजे आत कोरलेल्या नागमोडी खाचांतून, गेले तर त्याचा थर आत चिकटतो आणि काळ्या दारूची काजळी त्यात भर घालते. म्हणून प्राण्यांची चरबी आणि मेण यांचे मिश्रण गोळीला लावण्याची रीत होती. चरबी लावलेल्या काडतुसांचा विषय निघाला की मराठी वाचकाला १८५७ आठवणारच, आणि ते आठवणे अस्थानी नाही. एनफिल्ड रायफलीचे कागदी काडतूसही याच तांत्रिक गरजेपोटी चरबी आणि मेणात बुडवलेले असे. शिशाच्या गोळीला वंगणावाचून चालत नाही, ही साधी गोष्ट त्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

खरे संकट आले ते धूरविरहित दारूमुळे. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती १८८४ मध्ये सिद्ध केली आणि दहा-अकरा वर्षांत ती लिव्हर रायफलीपर्यंत पोहोचली. जॉन ब्राउनिंगने रचलेली विंचेस्टरची १८९४ ची रायफल आधी .३२-४० आणि .३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांत विकली गेली आणि निकेलयुक्त पोलादाची नळी तयार झाल्यावर १८९५ मध्ये .३०-३० आले. नावाची पद्धत जुनीच, पण हे तीस ग्रेन धूरविरहित दारूचे होते आणि गोळीवर कठीण धातूचे आवरण होते. वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर झाला. या वेगाला मऊ शिसे पिळांना धरून राहत नाही आणि मागून येणारा तप्त वायू गोळीच्या कडेने पुढे निसटून तिचे बूड झिजवतो. घरी भरणाऱ्यापुढे आणखी दोन अडचणी उभ्या राहिल्या. नवी दारू पुंगळी भरून घालायची नसते, ती तोलून घालायची असते. जुन्या सवयीने भरणाऱ्याची रायफल फुटणे शक्य होते. दुसरी अडचण पाऱ्याची होती. टोपीतील ठिणगी देणारा मसाला, पाऱ्याचा फल्मिनेट, पितळेला ठिसूळ करतो. काळ्या दारूची भरपूर काजळी त्या पाऱ्याला शोषून घेत असल्याने हे आधी जाणवले नव्हते. स्वच्छ जळणाऱ्या नव्या दारूने ते उघडे पाडले, आणि पारा नसलेल्या टोप्या सर्रास मिळेपर्यंत पुंगळ्या चिरत राहिल्या.

ओतीव गोळी यातून वाचली ती दोन उपायांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आयडियलने गोळीच्या बुडाला तांब्याची उथळ वाटी बसवण्याची पद्धत बाजारात आणली. अमेरिकेत तिला ‘गॅस चेक’ म्हणतात. वायूचा मारा ही वाटी झेलते. आयडियलचा ३११०४१ क्रमांकाचा साचा, ज्यात .३०-३० साठी सपाट नाकाची, वाटी बसणारी, सुमारे १७० ग्रेनची गोळी ओतली जाते, तो या मेळाचा उत्तम नमुना आहे.

दुसरा उपाय मिश्रधातूचा. काळ्या दारूच्या काळात सोळा ते चाळीस भाग शिशात एक भाग कथील घालीत. कथिलामुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट पोहोचतो, पण कठीणपणा फारसा वाढत नाही. तो येतो अँटिमनी या धातूने. आणि अँटिमनीयुक्त शिसे स्वस्तात मिळण्याचे ठिकाण होते छापखाना. ऑटमार मर्गेंथालरचे, छपाईच्या अक्षरांच्या अख्ख्या ओळी ओतणारे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात बसले. त्याच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. ब्रिनेल मोजपट्टीवर शुद्ध शिशाचा कठीणपणा पाचच्या आसपास, तर याचा बावीसच्या. आपल्याकडे जुळाऱ्यांनी हाताळलेले खिळेही याच तीन धातूंचे. अमेरिकेत गावोगावची वृत्तपत्रे १९७० च्या दशकात ऑफसेटवर गेली तेव्हा मोडीत निघालेल्या ओळीच्या ओळी गोळ्या ओतणाऱ्यांच्या कढईत गेल्या. तो साठा संपल्यावर मोटारीच्या चाकांचा तोल साधणारी शिशाची वजने हा त्यांचा आधार झाला. आता तीही बऱ्याच ठिकाणी जस्ताची किंवा पोलादाची झाली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला मोठी भरती आली. ब्रूस हॉजडन कॅन्ससमध्ये लष्कराची उरलेली दारू विकू लागला, कॅलिफोर्नियात आरसीबीएस आणि विस्कॉन्सिनमध्ये ली या कंपन्या अवजारे बनवू लागल्या. त्याच सुमारास मार्लिनने नळीत मोजक्या पण खोल पिळांऐवजी पुष्कळ उथळ पीळ पाडण्याची पद्धत आणली. आवरणाच्या गोळीला ती उत्तम जमली, पण ओतीव गोळी त्या उथळ खाचांत घसरते, असा ओतणाऱ्यांचा आक्षेप होता. गोळी किंचित जाड ठेवली की तक्रार बरीच कमी होते, असे अनुभवी लोक सांगत. तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस मार्लिन आपल्या .४५-७० रायफलीत पुन्हा खोल पिळांकडे वळले. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या स्पर्धांत जुन्या धर्तीची हत्यारे आणि शिशाचीच गोळी लागते, त्यामुळे .४४-४० सारखी मागे पडलेली काडतुसेही पुन्हा कारखान्यांच्या यादीत आली.

शिशाविरुद्धची बाजूही अमेरिकेतच उभी राहिली. कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे १९८२ मध्ये २२ उरली होती, आणि शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांतील शिशाच्या कणांनी ती मरतात हे दिसून आल्यावर २००८ पासून त्यांच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून संपूर्ण राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी बंद झाली. दरम्यान मिसुरीतील हर्क्युलेनियम येथील, खनिजापासून शिसे गाळणारी देशातील शेवटची भट्टी २०१३ च्या अखेरीस थंडावली. कॅलिफोर्नियाचा निर्बंध शिकारीपुरता आहे. त्यामुळे तेथला लिव्हर रायफलवाला शिकारीला जाताना सपाट किंवा मऊ टोकाची तांब्याची गोळी विकत घेतो, आणि साच्यातली गोळी चांदमारीच्या मैदानापुरती ठेवतो.