रेसिडेन्सी पत्रव्यवहार

भारतीय संस्थानांच्या दरबारी नेमलेले ब्रिटिश रेसिडेंट व पोलिटिकल एजंट आणि त्यांचे वरिष्ठ, म्हणजे प्रांतिक सरकार व गव्हर्नर जनरल, यांच्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९४७ पर्यंत चाललेला लेखी व्यवहार. राजेरजवाड्यांची पत्रेही याच दप्तरांत मिळतात, पण बहुधा सहपत्रे म्हणून.

आरंभाविषयी एकमत नाही. बक्सारच्या लढाईनंतरच्या (१७६४) नेमणुका काहीजण आरंभ मानतात. अडचण ‘रेसिडेंट’ या शब्दाचीच आहे : कंपनीच्या व्यापारी ठाण्यावरच्या प्रमुखालाही तेच नाव होते. चार्ल्स मॅलेट पुण्यास येण्यापूर्वी खंभायतला याच नावाने राहत होता. पुण्यापुरते पाहिले तर टॉमस मॉस्टिन १७६७ मध्ये व पुन्हा १७७२ मध्ये कंपनीच्या मुंबई सरकारच्या वतीने पेशव्यांच्या दरबारी आला. कर्नल अप्टनने कलकत्त्याच्या वतीने १७७६ चा पुरंदरचा तह केला. यांपैकी मॉस्टिनला पहिला रेसिडेंट म्हणण्याची प्रथा आहे. तथापि त्याचे लिहिणे मुंबईपुरते होते आणि त्यात खंड पडला. मार्च १७८६ मध्ये मॅलेट पुण्यास आला तो गव्हर्नर जनरलला जबाबदार म्हणून, आणि तेथून पत्रांची मालिका पामर, क्लोज व एल्फिन्स्टन यांच्यामार्फत १८१७ पर्यंत सलग लागते. म्हणून आरंभ मॅलेटपासून धरणे अधिक सोयीचे वाटते.

पत्रांचे थर ओळखता आले नाहीत तर वाचणारा फसतो. औपचारिक पत्रात परिच्छेदांना क्रमांक असत; वरून येणारे उत्तरही ‘आपल्या पत्राचा परिच्छेद अमुक’ असे बोट ठेवून येई. सोबत सहपत्रे जोडलेली असत : दरबारच्या यादींची भाषांतरे, अखबार म्हणजे बातमीपत्रांचे उतारे, शेजारच्या रेसिडेंटला धाडलेल्या पत्राची नक्कल. पुण्याची बातमी हैदराबादला आणि शिंद्यांच्या छावणीतल्या रेसिडेंटला कळे ती अशा नकलांमुळे. नाजूक मजकूर गुप्त विभागाकडे जाई, काही वेळा सांकेतिक लिपीत. फारसी व मराठीचे काम मुनशी करीत. त्यांच्या हातून प्रत्येक कागद गेला, पण नावे क्वचितच उरली आहेत.

या सर्वांखाली खाजगी पत्रांचा थर असतो. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक खैरुन्निसा प्रकरणात, म्हणजे तेथल्या उमराव घराण्यातल्या मुलीशी जुळलेल्या संबंधाबाबत, गव्हर्नर जनरल वेलस्लीपासून जे लपवीत होता, ते त्याने आपला भाऊ विल्यम याला खाजगीत लिहिले. पुढे ‘अर्धसरकारी’ पत्र रूढ झाले. ते व्यक्तीच्या नावे लिहिलेले, पण विषय सरकारी. निर्णय बहुधा तेथे शिजे आणि औपचारिक पत्र नंतर तयार होई, असे दिसते.

संस्थानिकाचे व्हाइसरॉयला जाणारे पत्र म्हणजे खरीता, मराठीत खलिता. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पिशवी. सोनेरी शिडकाव्याचा कागद किनखापी थैलीत घालून मोहोरबंद करीत, त्या थैलीचेच नाव पत्राला पडले. तो रेसिडेंटच्या हातूनच पुढे जावा असा नियम होता. तक्रार रेसिडेंटविरुद्ध असली तरीही.

या नियमाची परीक्षा बडोद्यात झाली. त्याआधीच तेथे एक प्रकरण होऊन गेले होते. मुंबईच्या कचेऱ्यांत पैसे चारून बडोद्याची कामे करून घेण्याचा जो धंदा चाले, त्याला स्थानिक लोक ‘खटपट’ म्हणत. रेसिडेंट जेम्स औट्रम याने १८५१ मध्ये त्यावर अहवाल लिहून हा शब्द इंग्रजी दप्तरात आणला. मराठीत खटपट ही कष्टाचीही असते आणि कारस्थानाचीही. इंग्रजी कागदांत दुसराच अर्थ उरला. अहवालाचा सूर मुंबई सरकारला झोंबला व औट्रमला बडोदे सोडावे लागले. पुढे हा पत्रव्यवहार लंडनला पार्लमेंटपुढे छापून आला आणि १८५४ मध्ये औट्रम थोडा काळ बडोद्यास परतलाही.

मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत रेसिडेंट कर्नल फेअर व दिवाण दादाभाई नौरोजी यांचे जमले नाही. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी फेअरला हलविण्याची विनंती करणारा खलिता लिहिला. ९ नोव्हेंबरला फेअरच्या सरबतात विष आढळल्याची तार मुंबईला गेली. सरबतात सोमल व हिऱ्याची पूड होती असे सांगण्यात आले. फेअरच्या जागी लुइस पेली आला. १८७५ च्या चौकशी आयोगात तीन युरोपीय सभासदांनी आरोप सिद्ध मानला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांनी मानला नाही. अखेर विषप्रयोगाऐवजी गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केले, आणि बडोद्याचा रेसिडेंट मुंबईऐवजी थेट हिंदुस्थान सरकारला लिहू लागला. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा करण्याच्या प्रकरणातही कागदांतली फूट अशीच दिसते : मुंबईचा गव्हर्नर क्लार्क व रेसिडेंट बार्टल फ्रिअर खालसा करण्याविरुद्ध, गव्हर्नर जनरल डलहौसी अनुकूल.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी जळाली आणि एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह गेला. पत्रांच्या प्रती ठिकठिकाणी गेलेल्या असल्याने मजकूर सर्वस्वी नष्ट झाला नाही. मुंबई सरकारने जदुनाथ सरकार व गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३६ पासून ‘पूना रेसिडेन्सी करस्पाँडन्स’ ही ग्रंथमाला छापली. ती निवड आहे. राजकारणाला झुकते माप मिळाले, रोजचा कारभार बराच गळाला. मॅलेटचे मराठी बाजूचे बोलणे मुख्यतः बहिरोपंत मेहेंदळे यांच्याशी होई. अशा भेटीची इंग्रजी हकीकत वाचताना पेशवे दप्तरातला मोडी कागद शेजारी ठेवणे आवश्यक आहे.

१९४७ मध्ये व्हाइसरॉयचा राजकीय सल्लागार कॉनराड कॉरफील्ड याच्या विभागाने संस्थानिकांच्या खाजगी वर्तनाविषयीच्या फायली जाळल्या. त्यांचे वजन चार टन होते असे म्हटले जाते, पण तो आकडा जपूनच घ्यावा. जवाहरलाल नेहरूंनी या जाळण्यास हरकत घेतली होती. उरलेले कागद दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, मुंबईचे पुराभिलेखागार व लंडनची ब्रिटिश लायब्ररी यांत विभागलेले आहेत. ब्रिटिश लायब्ररीत राजप्रतिनिधीच्या, म्हणजे संस्थानांशी राजाच्या वतीने व्यवहार करणाऱ्या व्हाइसरॉयच्या, राजकीय विभागाचे कागद आणि रेसिडेन्स्यांची स्वतःची दप्तरे वेगवेगळ्या मालिकांत ठेवलेली आहेत.