मॅक्रो आणि कापून मोठा केलेला क्लोज-अप: बटणाच्या निमित्ताने

हौशी छायाचित्रकारांच्या गटात दर आठवड्याला एक विषय जाहीर करायचा आणि प्रत्येकाने त्यावर एक मॅक्रो छायाचित्र काढून आणायचे, हा उपक्रम मला मनापासून आवडतो. त्यात बक्षीस नसते, चुरस मैत्रीची असते, आणि एरवी ज्या वस्तूकडे आपण ढुंकूनही पाहणार नाही ती आठवडाभर निरखण्याचे निमित्त मिळते. परंतु विषय ‘पीस’ असो, ‘गंज’ असो किंवा ‘बटण’ असो, जवळजवळ प्रत्येक फेरीत एकच वाद उद्भवतो. “हे मॅक्रो नाही,” असे एक जण म्हणतो, “बटण पडदाभर दिसते आहे, आणखी किती जवळ जायचे?” असे दुसरा विचारतो, आणि दोघे दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत हे कोणाच्याच लक्षात येत नाही. हा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो एकदा सविस्तर सोडवावा असे वाटले.

क्लोज-अप म्हणजे काय हे सांगत बसण्याची गरज नाही. वस्तूच्या जवळ जाऊन, आजूबाजूचे बरेचसे वगळून काढलेले छायाचित्र आपण सगळेच काढतो. मॅक्रो हा त्याच्यापुढचा टप्पा आहे आणि त्याची काटेकोर व्याख्या अंतरावर नव्हे, तर प्रमाणावर बेतलेली आहे. वस्तूची सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावर, पडणारी प्रतिमा वस्तूइतकीच मोठी असेल तर ते प्रमाण १:१, प्रतिमा निम्मी असेल तर १:२ आणि चतुर्थांश असेल तर १:४. ढोबळमानाने १:१० पासून १:१ पर्यंतचा पट्टा क्लोज-अपचा आणि १:१ पासून पुढे मॅक्रोचा, असे मानण्याची पद्धत आहे. बोलताना लोक १:२ लाही मॅक्रो म्हणतात. त्याला माझी हरकत नाही.

खरी अडचण ‘सेन्सरवर’ या एका शब्दाची आहे. प्रमाण ठरते ते शटर उघडण्याच्या क्षणी, लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये. आपल्या डोळ्यांसमोर येते ते मात्र पडद्यावरचे चित्र, आणि पडद्यावर कोणतीही गोष्ट हवी तेवढी मोठी करता येते. शर्टाचे साधारण ११ मिलिमीटर व्यासाचे चार भोकांचे बटण घ्या. १:१ प्रमाणात त्याची सेन्सरवरची प्रतिमाही ११ मिलिमीटरचीच असते. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असल्यामुळे त्या चौकटीत हे बटण उंचीच्या निम्म्याहूनही कमी जागा व्यापेल, भोवती कापडाचा बराच भाग दिसेल, आणि पाहणारा सहज म्हणून जाईल की अजून थोडे जवळ जायला हवे होते. तेच बटण त्याच १:१ प्रमाणात मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या प्रकारातल्या कॅमेऱ्याने टिपले, तर तो सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा असल्यामुळे बटण चौकटीच्या उंचीचा सहा-सातांश भाग भरून टाकेल. प्रमाण दोन्हीकडे एकच, प्रतिमाही ११ मिलिमीटरचीच. केवळ भोवतालची चौकट आखूड झाली आहे. छोट्या सेन्सरमुळे आपली लेन्स ‘दीडपट’ किंवा ‘दुप्पट’ मॅक्रो झाली असे जे आवर्जून सांगितले जाते, ते म्हणूनच चुकीचे आहे. दुप्पट झालेली असते ती पडद्यावरची नंतरची वाढ, लेन्सने केलेली नव्हे.

आता क्रॉपकडे, म्हणजे काढलेल्या चित्राच्या कडा कापण्याकडे, येऊ, कारण वादाचे मूळ तिथे आहे. समजा, एखाद्याने २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याने १:४ प्रमाणात तेच बटण टिपले. त्याच्या चौकटीत १४४ मिलिमीटर रुंदीचे दृश्य मावले आणि बटण मधोमध छोटेसे आले. घरी आल्यावर त्याने चारी बाजू कापून नेमका ३६ मिलिमीटर रुंदीचा भाग ठेवला, आणि दुसऱ्या कोणी १:१ प्रमाणात काढलेल्या चित्राशेजारी तो मांडला. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही चित्रे सारखीच दिसतील. परंतु मूळच्या ६००० × ४००० पिक्सेलपैकी कापलेल्या चित्रात उरले आहेत १५०० × १०००, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे दीड मेगापिक्सेल, बरोबर सोळावा हिस्सा.

हा हिशेब कोरडा वाटेल, म्हणून बटणाच्या भोकांतून ओवलेल्या दोऱ्याकडे पाहा. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटर रुंद असतो. १:१ प्रमाणात एक पिक्सेल वस्तूचाही तेवढाच तुकडा टिपतो, तर १:४ प्रमाणात त्याच्या चौपट, म्हणजे ०.०२४ मिलिमीटरचा. शिवणाचा दोरा पाव मिलिमीटर जाड धरला, तर पहिल्या चित्रात तो सुमारे ४० पिक्सेल रुंद येतो आणि दुसऱ्यात दहाच. दोरा दोन्हीकडे दिसतोच. पण तो ज्या कापसाच्या तंतूंनी वळलेला असतो त्यांची जाडी साधारण ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर असते. १:१ च्या चित्रात एका तंतूला अडीच-तीन पिक्सेल मिळतात, म्हणून भोकाच्या धारेवर घासून सुटलेला एकेक तंतू, त्याचा पीळ, त्याचे वळून कापडावर टेकलेले टोक हे सारे वेगवेगळे ओळखू येते. १:४ च्या चित्रात तंतू एका पिक्सेलपेक्षाही बारीक झालेला असतो, आणि जे सेन्सरपर्यंत वेगळे पोहोचलेच नाही ते नंतर कितीही मोठे केले तरी वेगळे होत नाही. तिथे दिसते ती पांढुरकी लव. शार्पनेस वाढवून त्या लवेला कडा आणता येतात, तंतू आणता येत नाहीत. आणि अशा ओढूनताणून आणलेल्या कडा मला, खरे सांगायचे तर, मुळीच सहन होत नाहीत. मऊ राहिलेले चित्र त्यापेक्षा कितीतरी बरे.

दुसरी खूण फोकसच्या खोलीत, म्हणजे डेप्थ ऑफ फील्डमध्ये सापडते. फुल फ्रेमवर १:१ प्रमाणात, एफ/८ अॅपर्चरला (अॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. बटणाची वर आलेली कड आणि मधल्या खोलगट भागातला दोरा यांत त्याहून अधिक अंतर असेल, तर दोघांपैकी एकच काहीतरी स्पष्ट राहते आणि कशाला महत्त्व द्यायचे ते छायाचित्रकाराला आधीच ठरवावे लागते. अन्यथा फोकस किंचित किंचित सरकवत अनेक चित्रे घेऊन ती जोडावी लागतात, ज्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. १:४ ला काढून कापलेल्या चित्रात, नंतरची चौपट वाढ हिशेबात धरूनही, हाच पट्टा साधारण २.४ मिलिमीटर भरतो, आणि नेहमीचे बटण काठापासून तळापर्यंत एका दमात स्पष्ट येते. अॅपर्चर आणखी लहान करून १:१ ची अडचण सुटत नाही, कारण त्या प्रमाणात एफ/८ चा परिणाम आधीच एफ/१६ सारखा झालेला असतो. सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश चतुर्थांश होतो आणि त्यापुढे विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळेच चित्र मऊ पडू लागते. सरळसोट एकाच चित्रात संपूर्ण बटण कडेपासून कडेपर्यंत खणखणीत दिसत असेल, तर ते बहुधा दुरून काढलेले आहे असे मी समजतो आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही.

नावांचा गोंधळ त्या मानाने किरकोळ आहे. अनेक झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असे छापलेले असते आणि त्यांची धाव १:३ किंवा १:४ पर्यंतच असते. तो शब्द तिथे ‘बऱ्यापैकी जवळ जाता येते’ एवढ्याच अर्थाने वाचावा. निकॉन मात्र १९५६ पासून आपल्या खऱ्याखुऱ्या मॅक्रो लेन्सनाही ‘मायक्रो’ म्हणत आली आहे. लेन्सच्या पुढच्या कड्यावरचा १:२.८ हा आकडा प्रमाणाचा नसून सर्वांत मोठ्या अॅपर्चरचा असतो, हे नवख्यांना एकदा सांगितले की पुरते. तसेच ‘किमान फोकस अंतर’, म्हणजे ज्याहून जवळच्या वस्तूवर फोकस करता येत नाही ते अंतर, लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर सेन्सरपासून मोजतात. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सचे ते अंतर ३० सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणून १:१ प्रमाणात लेन्सचे तोंड आणि वस्तू यांच्यामध्ये त्याच्या निम्म्याइतकीच जागा उरते.

आपले चित्र कोणत्या प्रमाणात आले हे शोधण्यासाठी कोणत्याही तक्त्याची गरज नाही. फोकसचे कडे न हलवता बटणाच्या जागी मिलिमीटरची पट्टी आडवी ठेवावी, ती स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेराच पुढेमागे करावा, एक चित्र घ्यावे आणि न कापलेल्या चौकटीत किती मिलिमीटर मावले ते मोजावे. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागले की प्रमाण मिळते: फुल फ्रेमवर ३६ मिलिमीटर दिसले तर १:१, ७२ दिसले तर १:२. एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, वापरणाऱ्यांना हे आणखी सोपे आहे. फोकस अनंतावर ठेवलेल्या ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की १:२ आणि ५० मिलिमीटरची लावली की १:१. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा), इतकेच गणित आहे. महागड्या मॅक्रो लेन्सवाचून उपक्रमात भाग घेता येत नाही अशी समजूत करून मागे राहणाऱ्यांनी हे गणित अवश्य करून पाहावे.

आता उपक्रमाच्या नियमाविषयी, कारण माझ्या मते भांडण प्रमाणाचे असले तरी तोडगा प्रमाणात नाही. केवळ १:१ चाच आग्रह धरला, तर मोबाइलने काढणारे सगळे बाद होतात. मोबाइलचा सेन्सर इतका लहान असतो की तो ६ मिलिमीटर रुंदीचा धरला, तर ३६ मिलिमीटरचे दृश्य टिपूनही त्याचे प्रमाण १:६ च भरते, आणि तरीही चौकटीत बटण तेवढेच मोठे दिसते जेवढे फुल फ्रेमवर १:१ ला दिसते. आयफोन १३ प्रो २ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊ शकतो; अशा साधनाला दाराबाहेर ठेवणे मला योग्य वाटत नाही. म्हणून अनेक गटांत दृश्याच्या रुंदीचा नियम असतो: चौकटीची लांब बाजू ३ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ७.६ सेंटीमीटरपेक्षा, अधिक नसावी. फुल फ्रेमवर ही मर्यादा १:२ च्या किंचित अलीकडे येते आणि मायक्रो फोर थर्ड्सवर जेमतेम १:४ च्या आसपास, म्हणजेच काटेकोर अर्थाने हा उपक्रम क्लोज-अपचाच असतो. ते मान्य करायला कोणी कचरू नये.

या नियमात एकच वाक्य बहुतेक वेळा राहून जाते आणि सगळे तंटे त्याच फटीतून आत येतात: ३ इंच कापण्यापूर्वी मोजायचे की कापल्यानंतर? माझे मत ठाम आहे. ते मूळ, न कापलेल्या चौकटीतच मोजावेत. रचना सुधारण्यासाठी कडेचा थोडा भाग कापायला माझी ना नाही, परंतु नियमात बसण्यासाठी कापू नये, कारण त्या दोन-तीन इंचांच्या जगात डोळा लावून बसणे, श्वास रोखणे, उजेड कुठून घ्यावा यासाठी बटण फिरवून फिरवून पाहणे, हीच तर या उपक्रमाची मजा आहे, आणि दुरून काढून घरी कापणाऱ्याच्या वाट्याला तीच येत नाही.

याच्या उलट, प्रमाण जितके मोठे तितके चित्र श्रेष्ठ, असे मानणाऱ्यांशीही माझे जमत नाही. विषय ‘बटण’ असताना १:१ च्याही पुढे जाऊन केवळ एका भोकाची धार दाखवली, तर ती बटणाची आहे की भांड्याची हे सांगता येत नाही, आणि मग छायाचित्राखाली ‘ओळखा पाहू’ असे लिहावे लागते. बटणाच्या फेरीत मला सर्वांत आवडलेले छायाचित्र ३ इंचांच्या मर्यादेत अगदी काठावर बसणारे, सरळ क्लोज-अप होते. जुन्या कोटाची एक पट्टी, तिच्यावर सारख्या अंतराने तीन बटणे, आणि मधले बटण तेवढे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने पुन्हा लावलेले. प्रकाश एका बाजूने सपाट येत होता, त्यामुळे आधीचे बटण जिथे होते तिथे कापडावर उरलेला गोल, न विटलेला ठसा नव्या बटणाच्या खालून अर्धवट बाहेर डोकावत होता.