प्रसूतिकालीन मनोविकार

गर्भारपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे सुमारे वर्षभर आईला, काही वेळा वडिलांनाही जडणाऱ्या मनोविकारांना ही संज्ञा लावतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे पाचवीच्या पूजेच्या सुमारास येणारे रडू दोन आठवड्यांत ओसरते. त्याची गणना विकारात होत नाही. नैराश्य व चिंता मात्र महिनोन्महिने टिकू शकतात. सूतिकोन्माद, म्हणजे बाळंतपणानंतर वास्तवाचे भान हरपण्याचा तीव्र विकार, विरळा, हजार बाळंतपणांत एक-दोन. पण तो आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

खरा वाद कालमर्यादेचा, म्हणजे किती काळापर्यंतचा विकार प्रसूतीशी जोडावा याचा आहे. सुश्रुतसंहितेनुसार बाळंतिणीचा ‘सूतिका’ हा काळ दीड महिन्याचा. मतांतराने पुन्हा पाळी येईपर्यंतचा. काश्यपसंहितेत (रचनाकाळ अनिश्चित) 64 सूतिकारोग सांगितले आहेत, पण त्यांत आजचे नैराश्य शोधण्याचा मोह आवरलेला बरा. फ्रान्समध्ये मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल (1838) यांच्यानंतर त्याच क्षेत्रातील मार्से यांनी 1858 च्या ग्रंथात गर्भिणी, नवप्रसूता आणि स्तनदा असे तीन वर्ग केले. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने 1994 मध्ये प्रसूतीनंतरचे चारच आठवडे धरले, तर रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीने सहा. 2013 मध्ये अमेरिकन वर्गीकरणात गर्भारपणही आले, पण स्तनपानाचा पुढचा काळ नाही. मार्सेकडे हे अर्धेच वळण म्हणावे लागेल. रुग्णांशी रोजचा संबंध असणारे बहुतेक जण वर्षभराची मुदत धरतात आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते.

ठाणे व नवी मुंबईच्या संदर्भात हा वाद केवळ शाब्दिक राहत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे. शेक-शेगडी, मालिशवाली बाई, डिंक-अळीव हे सव्वा महिना चालते. पुढे कोकणातून वा घाटावरून आलेली बाळंतीण घोडबंदर किंवा कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बाळासह एकटी असते. तिचे बिनसणे याच सुमारास सुरू झाले, तर चार आणि सहा आठवड्यांच्या दोन्ही व्याख्यांतून ती निसटते. घरचे ‘वारा लागला’ म्हणून सोडून देतात.

नैराश्याची शक्यता असलेल्या माता हेरण्यासाठी (चाळणीसाठी) 1987 ची दहा प्रश्नांची एडिंबरा मापनश्रेणी वापरतात. ती गेल्या सात दिवसांपुरतेच विचारते, त्यामुळे एकदा भरून भागत नाही. गोव्यात म्हापसा येथील पाहणीत (2002) सहाव्या ते आठव्या आठवड्यात 23 टक्के मातांत नैराश्य आढळले. नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. याच गटातील नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने व उंचीने मागे होती. मानसशास्त्रज्ञ ट्रॉनिक यांच्या 1978 च्या प्रयोगात आईने चेहरा निर्विकार ठेवताच बाळ आधी तिला हसवू पाहते, मग तोंड फिरवते. अर्थात प्रयोगातली काही मिनिटे म्हणजे आजार नव्हे. भाषा व बुद्धीवरील परिणाम नैराश्य किती काळ टिकले यावर बराच अवलंबून असतो.

उपचारांत समुपदेशन, घरच्यांचा सहभाग आणि गरजेनुसार औषधे येतात. स्तनपान चालू असताना घेता येणारी औषधेही आहेत. ठाण्यात 1901 पासूनचे मनोरुग्णालय आणि 1990 मध्ये स्थापन झालेली आयपीएच ही मानसिक आरोग्याचे काम करणारी संस्था आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. फोनवरून मानसिक आरोग्याबाबत मदत देणाऱ्या सरकारी टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416.