हेडलाइटवर धुकं येतं कुठून?

दादरच्या आमच्या सोसायटीत गेल्या रविवारी शेजारचे काका हेडलाइटवर टूथपेस्ट घासत बसले होते. "समुद्राची खारी हवा, काचेवर थर चढतो," म्हणाले. तो थरही नसतो आणि ती काचही नसते.

पद्मिनी टॅक्सीचे गोल दिवे काचेचे होते, ते कधी पिवळे पडले नाहीत. आजचा हेडलाइट पॉलिकार्बोनेटचा असतो. हे प्लास्टिक 1953 साली जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे शोधलं. हलकं, सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. सगळ्यात मोठा वैरी, अतिनील किरण. 300 नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळीतला कार्बोनेटचा दुवा तुटतो आणि तुटलेलं टोक शेजारच्या बेंझिन कड्यावर दुसऱ्याच जागी जोडलं जातं. याला फोटो-फ्राइज पुनर्रचना म्हणतात. सोबत हवेतल्या ऑक्सिजनची प्रक्रियाही चालते. नवे रेणू निळा-जांभळा प्रकाश गिळतात, म्हणून पिवळेपणा. साखळ्या आखूड झाल्या की पृष्ठभाग ठिसूळ होऊन बारीक तडे जातात, म्हणून धूसरपणा. कंपनी वर काही मायक्रॉनचं संरक्षक कोटिंग देते, पण मे महिन्याच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येणाऱ्या मुंबईत, उघड्यावर उभ्या गाडीचं ते किती वर्षं पुरणार?

आता माझा सगळ्यात लाडका प्रयोग. धूसर हेडलाइटवर मगभर पाणी ओता. तो क्षणात स्वच्छ दिसतो, वाळला की पुन्हा धूसर! वडापावच्या कागदाला तेल लागलं की तो अर्धपारदर्शक होतो, तेच इथे घडतं. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, 1.58, हवेचा 1, पाण्याचा 1.33. तड्यांत हवा असते तेव्हा प्रकाश प्रत्येक कडेला जोरात वळतो आणि विखुरतो. सरळ येणाऱ्या प्रकाशातलाही सुमारे 5 टक्के भाग परततो. तड्यांत पाणी शिरलं की हाच भाग 1 टक्क्याच्याही खाली येतो. धूसरपणा जातो, पिवळेपणा मात्र तसाच राहतो. दोन वेगळ्या जखमा अशा डोळ्यांनी वेगळ्या दिसतात.

टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी असते. ती खराब साल थोडी खरवडते, पण प्लास्टिक उघडंच राहतं आणि काही महिन्यांत सगळं परत येतं. व्हिडिओत दाखवतात तो अंगाला लावायचा, डास पळवणारा स्प्रे तर मारूच नका, त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिकच मऊ करतं. पाणी मारत 1000, 2000, 3000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे बारीक सँडपेपर, फिरवायचा, मग पॉलिशिंग कंपाउंडने चमक आणायची आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा टप्पा टाळला तर आधीची मेहनत वाया. बंपरवरची लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदलली जाते. रात्री पावसात घाटात समोरचा खड्डा दाखवतो तो हेडलाइट, त्यालाही तेवढंच जपायला हवं.

काकांच्या दोन्ही हेडलाइटवर मी पाणी ओतलं. डावा स्वच्छ झाला. उजव्यात एक ढग राहिला. तो आतल्या बाजूचा होता, सील गळत होतं. तिथे वॉटर पेपरचा उपयोग नव्हता.